कामोठ्याचे चौदा इसार

घरून निघताना माझ्या बॅगेत दोनशे कोरे फॉर्म, तीन बॉलपेनं, एक स्वेटर आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी एवढं सामान होतं. लस मात्र एकही नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तेवढंच आहे.

मी तेव्हा पुण्याच्या एका संस्थेत संशोधन सहाय्यक होतो. सहाय्यक म्हणजे सर बोलतील ते लिहून घेणारा आणि सर जिथे जाणार नाहीत तिथे जाणारा. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. काविळीच्या एका वाईट प्रकारावर नवी लस बाजारात आली होती. सरकारी दवाखान्यात ती मिळत नसे, आणि विकत घ्यायची तर चांगला पगारदार माणूसही खिसा चाचपून बघायचा. शिवाय एकदा टोचून भागत नव्हतं. आज एक, महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, असे तीन डोस होते. लोक ही लस पदरच्या पैशाने घेतील का, आणि घेतलीच तर किती मोजतील, हे आम्हाला शोधून काढायचं होतं. सरांनी पनवेल निवडलं, कारण शहर, खेडं, खाडी आणि डोंगर तिथे एका हाकेच्या अंतरावर आहेत. मला निवडलं, कारण बाकीच्या दोन सहाय्यकांची लग्नं ठरलेली होती.

आणखी एक गोष्ट. मी सुईला भितो. शाळेत लस टोचणारे आले की मी पाण्याच्या टाकीमागे सापडायचो, आणि आमच्या संगमनेरात ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगितली जाते. सरांना मी हे सांगितलं नव्हतं. फॉर्मवरही तसा प्रश्न नव्हता.

पनवेल, सोमवार

एसटी स्टँडजवळच्या लॉजचे मालक उस्मानभाई. रजिस्टरमध्ये येण्याचं कारण लिहायची जागा होती. मी 'लसीचा सर्व्हे' लिहिलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मला नीट पाहिलं आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "भाईसाब, एक बात बताव. आमच्या मुलांना सरकारने लसी फुकट टोचल्या. ही पैशाची. मग त्या फुकटवाल्यांत काय पाणी होतं, की हिच्यात केशर हाय?"

मी त्यांना अर्धा तास समजावलं. उस्मानभाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, "खुदा खैर करे" म्हणाले आणि खोलीची किल्ली दिली. लस घेणार का, ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. माझ्या पहिल्याच फॉर्मवर 'सांगता येत नाही' या चौकटीत खूण झाली.

शहरातली बाकीची उत्तरंही थोडीफार याच चालीची होती. एका बँकेतल्या साहेबांनी मिसेसना विचारून सांगतो म्हटलं, आणि मिसेस म्हणाल्या साहेबांना विचारते. नवीन शहरासाठी जमीन गेल्यावर बंगला बांधलेल्या एका गृहस्थांनी एका डोसाचे पाचशे ऐकताच नाक मुरडलं. त्यांना वाटलं, मी स्वस्तातली दाखवतोय. याहून भारी नाही का, म्हणाले. वाड्यातल्या एका काकूंनी मला आपल्या भाचीचं स्थळ सुचवलं आणि लसीचं नंतर बघू म्हणाल्या. रात्री जेवताना मी हिशेब लावला, तर अठरा फॉर्मांत ठाम असं उत्तर फक्त भाचीबद्दलचं होतं.

कामोठे, मंगळवार

कामोठं तेव्हा अजून गाव होतं. एका बाजूला इमारतींचे सांगाडे उठत होते, पण खाडीच्या अंगाला कौलारू घरं, वाळत घातलेली जाळी आणि सुकटीचा वास तसाच होता. आमच्याकडे गावात शिरलं की शेणाचा आणि गुळाचा वास येतो. इथल्या वासाला माझं नाक दुपारपर्यंत सरावलं आणि संध्याकाळी तर भूक लागायला लागली.

मला कुणीतरी जनाबाईंच्या ओटीवर नेऊन बसवलं. जनाबाई पन्नाशीच्या, पनवेलच्या मासळी बाजारात पंचवीस वर्षं पाटी लावून बसलेल्या. गावातल्या मासळीवाल्या बायका खाडीवर माल घेताना बोली त्यांनाच करू देत. आत त्यांची धाकटी सून सुनंदा तीन महिन्यांच्या मुलाला पाळण्यात जोजवत होती. माझ्या हातातले कागद पाहून जनाबाईंनी मला मास्तर ठरवून टाकलं. या बाजूला आल्यागेल्याला 'तू' म्हणतात. आमच्याकडे दोन वर्षांच्या पोरालाही 'अहो बाळासाहेब' म्हणणारी माणसं, त्यामुळे मला पहिल्यांदा जरा लागलं आणि मग बरं वाटलं.

फॉर्मची रीत अशी होती. आधी लसीची माहिती द्यायची. मग म्हणायचं, समजा, एका डोसची किंमत पाचशे रुपये असेल, तर घ्याल का? नाही म्हटलं की साडेतीनशे विचारायचं, मग अडीचशे, मग दीडशे, शंभर आणि शेवटी पन्नास. जिथे 'हो' येईल तिथे थांबून तो आकडा लिहायचा. सरांनी ही पद्धत परदेशातल्या एका लेखावरून उतरवली होती. तो लेख लिहिणाऱ्याने मासळीवाली पाहिलेली नसावी.

मी माहिती सांगताना जनाबाई हातातलं काम सोडून ऐकत होत्या. काविळीचं नाव निघालं तेव्हा त्यांनी पाळण्याकडे एकदा पाहिलं. मग मी पाचशे म्हणालो. जनाबाईंनी नुसती मान हलवली. मी साडेतीनशे म्हणालो. त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. मी अडीचशेवर आलो, तोवर ओटीवर आणखी आठदहा बायका जमल्या होत्या आणि माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. समोरचा काही मागत नसताना आपण होऊन निम्म्यावर उतरणारा विक्रेता त्यांनी जन्मात पाहिला नसणार. मी दीडशे म्हणालो आणि जनाबाईंनी हात वर केला.

"दीडशे. लिव."

मी लिहिलं.

"लिवलास?"

"लिहिलं."

त्यांनी आतून अकरा रुपये आणि एक सुपारी आणून माझ्या हातावर ठेवली. मला भरून आलं. आमच्या संगमनेराकडे पाहुणा निघाला की त्याच्या हातावर नारळ आणि अकरा रुपये ठेवतात. इथे नारळाऐवजी सुपारी, एवढाच काय तो फरक, असं मी डायरीत लिहूनही ठेवलं. त्यानंतर एकेक बाई पुढे आली. मी प्रत्येकीला पाचशेपासून सुरुवात केली, पण त्या मध्येच थांबवून दीडशे म्हणायच्या, लिहिल्याची खात्री करून घ्यायच्या आणि अकरा रुपये ठेवायच्या. चौदा घरांत चौदा वेळा दीडशे. आकडेवारीत एवढा मेळ मी पुस्तकातही पाहिला नव्हता. एकदोन सुपाऱ्या तर मी तिथेच फोडून खाल्ल्या. तेव्हा ओटीवर थोडी कुजबुज झाली.

जनाबाईंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आमची बाजरीची भाकरी पोटात जाऊन जाग देत बसते, ही तांदळाची मऊ नि पांढरी, खाल्ली कधी ते कळतच नाही. मला चार खाल्ल्यावर कळलं. जाताना मी त्यांना म्हणालो की तुमच्यासारखी पाहुणचार करणारी माणसं मी पाहिली नाहीत. जनाबाई म्हणाल्या, उद्या सकाळी ये. मी म्हटलं, येणारच आहे, पलीकडची आळी राहिली आहे.

कामोठे, बुधवार

सकाळी नऊला मी गावात शिरलो, तर जनाबाईंच्या ओटीवर चौदा बायका आणि चौदा पोरं रांगेत बसलेली. पोरांचे केस तेल लावून चापून बसवलेले होते. एकाच्या अंगात तर दिवाळीतला सदरा होता. मला वाटलं, फोटोबिटो काढायचा असेल.

जनाबाईंनी माझी बॅग हातात घेतली, वजन केलं, उघडली. आत फॉर्म आणि शेंगदाण्याची चटणी निघाली.

"माल कुठं हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या बाजूला भाव ठरला, तो लिहून घेतला आणि इसार हातावर ठेवला, की सौदा पक्का. मग तो मासळीचा असो, म्हशीचा असो, की जमिनीचा. देणाऱ्याने माल द्यायचा, घेणाऱ्याने उरलेले पैसे मोजायचे. इसाराची सुपारी तोवर जपून ठेवतात, कारण सौद्याला साक्ष तिचीच. मी ती खाल्ली होती.

मी हात जोडून समजावायला लागलो. हा सर्व्हे आहे, यात फक्त विचारायचं असतं, लस विकायची नसते, मी सुरुवातीलाच 'समजा' म्हटलं होतं.

"समजा म्हंजे काय र?"

"म्हणजे खरं नाही, पण खरं असतं तर."

जनाबाईंनी जरा विचार केला. "मंग इसार खरा कशाला घेतलास?"

मी कसाबसा आमच्याकडची नारळाची आणि अकरा रुपयांची रीत सांगितली. मला तो पाहुणचार वाटला, म्हणालो. बायकांत हशा पिकला. जनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तू पावना कुठं झालास अजून? तू यापारी."

मी खिशातून पैसे काढून परत करायला लागलो, तर एकही हात पुढे आला नाही. मग बाकीच्यांना पांगवून जनाबाई मला आत घेऊन गेल्या. भिंतीवर एका तरण्या मुलाचा हार घातलेला फोटो होता. त्यांचा थोरला. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. कुणीतरी गळ्यात मुळ्यांची माळ घालायला सांगितली होती. कावीळ उतरते तशी माळ लांबते म्हणतात. माळ रोज लांबत होती आणि घरातले सगळे रोज खूश होते, असं जनाबाई म्हणाल्या. माळ बेंबीपर्यंत आली त्या दिवशी पोरगा गेला. पुढे डॉक्टर म्हणाले, रक्तातून पसरणारी कावीळ होती, आधी लस घेतली असती तर टळली असती. तेव्हापासून त्या या लसीचं नाव कुठे ऐकू येतं का, याची वाट बघत होत्या, आणि तेवढ्यात मी ओटीवर येऊन भाव सांगायला लागलो.

पाळण्यातलं पोर पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होतं. जनाबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "तू पन्नासवर आला असतास, मना ठावं होतं. पन लय उतरवला तं माल वाईट येतो. याला वाईट माल नको."

मला त्या क्षणी माझी, सरांची आणि त्या परदेशातल्या लेखाची अतिशय लाज वाटली.

बाहेर येऊन मी एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. सर म्हणाले, अहो, आपण फक्त विचारायचं, द्यायचं नाही, प्रश्न काल्पनिक आहे. मी म्हटलं, सर, इसार खरा आहे. मीटर पळत होतं, आणि सरांनी फोन ठेवला.

पनवेल, गुरुवार आणि शुक्रवार

माल मिळवून देतो, एवढं कबूल केल्यावरच माझी सुटका झाली होती. गुरुवारी सकाळी मी आणि जनाबाई पनवेलच्या एका मोठ्या औषधाच्या दुकानात गेलो. शेटजींनी एका डोसचा भाव सांगितला, आणि तो साडेतीनशेच्या पुढे होता. माझा चेहरा पडला. जनाबाईंचा पडला नाही. भाव ऐकून चेहरा पाडायचा नसतो, हे त्यांना पाटीवर बसून आलेलं शहाणपण.

त्यांनी विचारलं, सुटा माल नको, पाटीचा भाव काय? शेटजींना कळेना. मी मध्ये पडलो, तेव्हा दहा मोठ्या माणसांची एक बाटली येते आणि ती बरीच स्वस्त पडते, असं निघालं. मग त्यांनी विचारलं, लहान पोराला किती लागते? शेटजी म्हणाले, निम्मी. जनाबाई बोटांवर मोजायला लागल्या. एका बाटलीत वीस पोरं. आमची चौदा. डॉक्टरांचे टोचायचे पैसे धरले तरी पोरामागे दीडशेच्या आत बसत होतं. मी अर्थशास्त्रात एम.ए. आहे, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शेटजींनी फ्रिजमधून बाटली काढली. जनाबाईंनी ती हातात न घेता फ्रिजमध्येच हात घातला.

"ईज कवा गेलती?"

शेटजी गडबडले. वीज सकाळपासून नव्हती. जनाबाई म्हणाल्या, बर्फातली सुरमई दोन तास उघडी राहिली तर त्या घेत नाहीत, मग ही कशी घेतील? शेटजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, या बाई कुठल्या खात्यातून आल्यात? मी म्हटलं, मासळी. उद्या मुंबईहून ताजा माल बर्फात येईल, तो देतो, असं त्यांनी मुकाट्याने कबूल केलं. शुक्रवारी पेटी आली, तेव्हा जनाबाई दुकानाच्या दारात उभ्या होत्या. बर्फाचा तुकडा दाबून बघितल्यावरच त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी त्यांच्या शेतावर पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. आमच्या हुरड्याची ही चुलत बहीण म्हणायला हरकत नाही, फक्त हुरड्यात कुणी अंडी लपवत नाही. मी बोटं भाजून घेत शेंगा खात होतो, आणि तेवढ्यात जनाबाईंनी सहज सांगितलं की उद्या पहिली सुई मला.

मी म्हणालो, मला कशाला?

तीन मोठ्या माणसांची लस उरत होती. एक सुनंदाची, एक तिच्या नवऱ्याची. तिसरी माझी. बायकांनी ठरवलं होतं की विकणाऱ्याने आधी आपला माल खाऊन दाखवावा. पैसे द्यायचे नव्हते. मासळी घेताना वाट्यावर दोन बोंबील वर टाकतात, तशी ती माझ्यासाठी वर टाकलेली होती. मी हातातली शेंग परत पाल्यावर ठेवली.

कामोठे, शनिवार

टोचायला पनवेलचे डॉक्टर गावातच आले. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. प्रत्येक सुई पाकिटातून नवीन निघते की नाही, हे बघायला जनाबाई डॉक्टरांच्या कोपराला कोपर लावून उभ्या होत्या. समोर चौदा पोरं आणि अर्धं गाव होतं. पळायचं म्हटलं तर मागे खाडी होती.

मी बाही वर केली. डॉक्टरांनी हवा काढण्यासाठी सिरिंज उभी धरली, आणि तिथून पुढचं मला नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी शाळेच्या घोंगडीवर आडवा होतो, कुणीतरी तोंडावर पाणी मारत होतं आणि दंडाला कापूस चिकटवलेला होता. गावातल्या पोरांना ही लस कायमची आवडून गेली. एकही पोर रडलं नाही. मास्तर पडला तसं आपण पडायचं नाही, अशी त्यांच्यात चुरसच लागली. जनाबाईंच्या नातवाने सुई लागल्यावर तोंड वाकडं केलं, आजीकडे पाहिलं आणि परत अंगठा तोंडात घातला. जनाबाईंनी त्याला छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

राहिलेले फॉर्म आसपासच्या गावांत भरून मी पुण्याला परतलो. सरांनी अहवालात कामोठ्याचे चौदा फॉर्म वगळले. खाली तळटीप टाकली की या गावातली उत्तरं विश्वासार्ह नाहीत, कारण लोक अशा वेळी तोंडाने सांगतात तेवढे पैसे प्रत्यक्षात देत नाहीत. बाकीचे एकशे शहाऐंशी फॉर्म विश्वासार्ह ठरले. त्यातल्या एकानेही लस घेतलेली नव्हती.

पुन्हा कामोठे, सहा महिन्यांनी

इसार घेतला होता तीन डोसांचा. दुसऱ्या डोसाला मी स्वत:च्या रजेतून गेलो, खुर्चीत बसून घेतला आणि फक्त घाम फुटला. तिसरा आषाढात आला. खाडी तुडुंब होती आणि माझ्या चपला गावाबाहेरच्या चिखलाने ठेवून घेतल्या. बर्फाची पेटी मी मांडीवर घेऊन बसलो होतो.

चौदाही पोरं आली. एकही गळलं नव्हतं. मी बाही वर केली, शाळेच्या भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता 'ज्ञ'पर्यंत मनात वाचला, आणि वाचून होईस्तोवर काम झालं होतं. पोरांची निराशा झाली. जनाबाईंचा नातू आता बसायला लागला होता. त्याने सुई लागल्यावर सणसणीत भोकाड पसरलं. जनाबाई म्हणाल्या, रडू दे, छाती चांगली हाय.

बायकांनी उरलेले पैसे मोजून डॉक्टरांना दिले. मी निघालो, तेव्हा जनाबाईंनी ओटीवर थांबवलं. त्या आत गेल्या, आणि थोरल्याच्या फोटोसमोर क्षणभर उभ्या राहिलेल्या मला दारातून दिसल्या. बाहेर आल्या त्या एक नारळ आणि अकरा रुपये घेऊन. मी घाबरून दोन्ही हात मागे घेतले. म्हटलं, मावशी, आता कशाचा सौदा?

त्यांनी माझा हात ओढून नारळ त्यावर ठेवला.

"ह्यो इसार नाय. सौदा पुरा झाला. आता तू पावना."